पुणे–दिल्ली विमानप्रवास: अंतर किती, आणि वेळ किती धरून निघायचे?

कोथरूडच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीला जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी दिल्लीला जायचे आहे. दुपारचे सत्र मिळाले असून १ वाजता शहाजहान रोडवरच्या धौलपूर हाऊसला हजर व्हायचे आहे. पुणे ते दिल्ली विमानाचे अंतर त्यांना एका ठिकाणी १,१५७ किमी सापडले, दुसऱ्या ठिकाणी १,१७३ आणि तिसऱ्या ठिकाणी १,४०० च्या वर. वेळेचेही तसेच: कोणी दीड तास सांगते, तिकिटावर सव्वादोन तास दिसतात. यातले खरे कोणते, आणि पहाटे सहाचे विमान धरले तर मुलगी वेळेत पोहोचेल ना, असे त्यांनी विचारले आहे.

तुम्ही आधी अंतर विचारले आहे, पण खरी काळजी शेवटच्या वाक्यात आहे. म्हणून तिचे उत्तर आधी देतो. जानेवारीत दिल्लीला दुपारी एकचे काम असेल आणि ती संधी पुन्हा मिळणारी नसेल, तर त्या दिवशी पहाटेच्या विमानाने निघू नका. आदल्या दिवशी दुपारपर्यंत दिल्लीत पोहोचा. हेच काम मार्चमध्ये असते तर मी कदाचित वेगळे सांगितले असते. तेही पुढे येईल.

मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचचे काम करत आलो आहे. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग आखायचा, दोन्हीकडचे हवामान बघायचे, इंधन किती लागेल ते काढायचे आणि उतरायचे ठिकाण ऐनवेळी बंद पडले तर जायचे कुठे, हे आधीच ठरवून ठेवायचे. फ्लाइट प्लॅन आम्ही करतो, कॅप्टन तो तपासून स्वीकारतो. त्यामुळे अंतर आणि वेळ यांचा हिशेब रोजच करावा लागतो. दिल्लीच्या हिवाळ्यातला तर जरा जास्तच काळजीपूर्वक.

तुम्हाला मिळालेले तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. १,१५७ किमी हे लोहगाव विमानतळापासून दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळापर्यंतचे, पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर. आमच्या भाषेत साधारण ६२५ सागरी मैल, कारण विमानात अंतर सागरी मैलांतच मोजतात आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. १,१७३ हे पुणे शहराच्या मध्यापासून दिल्लीच्या मध्यापर्यंतचे. लोहगाव शहराच्या ईशान्येला आहे आणि दिल्लीचा विमानतळ त्या शहराच्या नैर्ऋत्येला, म्हणून दोन्ही टोकांना अंतर थोडे कमी होते. १,४०० च्या वरचा आकडा रस्त्याचा आहे, त्याचा विमानाशी संबंध नाही. रेल्वेचा आकडा तर दीड हजाराच्याही पुढे जातो.

ही सरळ रेषा नकाशावर ओढून बघा. लोहगावहून निघून ती मनमाड आणि धुळ्याच्या जवळपास डोक्यावरून जाते, उज्जैनला थोडे पूर्वेकडे ठेवते, कोट्याच्या बाजूने पुढे सरकते आणि जयपूर डावीकडे सोडून दिल्लीला लागते. प्रत्यक्ष विमान मात्र या रेषेवरून तंतोतंत जात नाही. धावपट्टी ज्या दिशेला आहे त्या दिशेने उड्डाण करून मग वळावे लागते. हवेतले मार्ग ठरलेले असतात. लष्कराच्या सरावासाठी राखलेले आकाशाचे तुकडे मोकळे असले तर त्यातून जाता येते, नसले तर वळसा पडतो. शेवटी दिल्लीजवळ आल्यावर चारी दिशांनी येणारी विमाने एका ओळीत लावायची असतात, त्यासाठी नियंत्रक विमानाला डावी-उजवी वळणे देतात. हे सगळे धरून १,१५७ ऐवजी बाराशेच्या आसपास किलोमीटर सहज होतात, गर्दीच्या वेळी त्याहून जास्त.

आता वेळ. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ विमान पूर्ण उंचीवर गेल्यावर ध्वनीच्या वेगाच्या पाऊण पटीपेक्षा थोड्या अधिक वेगाने जाते, म्हणजे स्थिर हवेत ताशी ८३० किमीच्या आसपास. बाराशे भागिले ८३० केले की साधारण दीड तास येतो. तुम्हाला दीड तास सांगणाऱ्यांनी बहुधा हेच केले असावे. पण विमान तो वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरत नाही. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर सर्वसाधारणपणे २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किमीच्या जवळपास. पूर्ण उंची गाठायला वीस-पंचवीस मिनिटे जातात. खाली उतरणेही बरेच आधी सुरू होते. उंचीच्या दर हजार फुटांना तीन सागरी मैल असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे छत्तीस हजार फुटांवरून उतरायला जवळपास दोनशे किलोमीटर लागतात. दिल्लीला जाताना दौसा–सवाई माधोपूरच्या आसपास इंजिनांचा आवाज एकदम हलका होतो, तो त्यामुळेच. चढण्या-उतरण्यात वेग कमी असल्याने दीड तासाचे पावणेदोन होतात.

तिकिटावर जो वेळ असतो तो याहूनही वेगळा. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. चाकांपुढचे अडसर काढून विमान जागेवरून मागे ढकलले जाते तिथे तो सुरू होतो आणि दिल्लीला जागेवर येऊन चाकांना पुन्हा अडसर लागतात तिथे संपतो. म्हणजे सहाचे विमान सहाला आकाशात नसते, सहाला ते जागेवरून हलते. धावपट्टीपर्यंत जाणे, आपला नंबर येईपर्यंत थांबणे, उतरल्यावर टर्मिनलपर्यंत येणे हे सगळे त्या सव्वादोन तासांत धरलेले असते. शिवाय कंपन्या त्यात थोडी जागा ठेवतात. वेळापत्रकापासून पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर मानले जाते आणि त्यावर कंपनीची कामगिरी मोजली जाते, त्यामुळे रोजच्या अनुभवावरून ब्लॉक टाइम जरा सैल धरतात. कधी विमान दहा-पंधरा मिनिटे लवकर पोहोचले अशी घोषणा होते, ती बहुतेक वेळा या सैल जागेतून आलेली असते.

जमिनीवरचा वेळ अंतरावर अवलंबून नसतो. म्हणून लहान प्रवासात तो डोळ्यांत भरतो. पुणे–हैदराबाद जेमतेम ५०० किमी आहे, दिल्लीच्या निम्म्याहूनही कमी. तरी तिकिटावर सव्वा तास ते एक तास पंचवीस मिनिटे दिसतात. मी ओळखीच्यांना एक साधा हिशेब सांगतो: सरळ अंतराला ८०० ने भागा आणि त्यात पाऊण तास मिळवा. दिल्ली: १,१५७ चे साधारण सत्त्याऐंशी मिनिटे, अधिक पंचेचाळीस, म्हणजे दोन तास बारा मिनिटे. बेंगळुरू सुमारे ७२० किमी, पावणेदोनच्या आत. नागपूर सुमारे ६०५ किमी, दीड तास. छोट्या एटीआर विमानाला हा हिशेब लावू नका. त्याला पंखे असतात आणि वेग ताशी पाचशेच्या आसपास असतो.

परदेशी जायचे असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. दुबई पुण्याहून सुमारे २,०५० किमी आहे, म्हणजे सव्वातीन-साडेतीन तासांचा प्रवास. पण दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. जाताना दोन तासांत पोहोचल्यासारखे वाटते आणि येताना जवळपास पाच तास गेल्यासारखे.

जाताना एक वेळ आणि येताना दुसरी का दिसते, हेही विचारले जाते. कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारताच्या डोक्यावर तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार प्रवाह वाहतो. शंभर नॉट, म्हणजे ताशी १८५ किमी, हा तिथे फार विशेष आकडा नाही. तुम्ही पूर्व-पश्चिम जात असाल तर तो पूर्ण अंगावर येतो किंवा पूर्ण पाठीवर. पुणे–कोलकाता साधारण १,५७५ किमी आहे, तिथे हिवाळ्यात जाण्या-येण्यात पंचवीस-तीस मिनिटांचा फरक पडू शकतो. पुणे–दिल्ली दिशा मात्र उत्तरेकडे, जराशी पूर्वेला कललेली. वारा बराचसा बाजूने लागतो. जाताना किंचित मदत, येताना किंचित विरोध, फरक पाच-दहा मिनिटांचा. तुमच्या मुलीच्या दिवसावर वाऱ्याने काही फरक पडणार नाही, तो विषय सोडून द्या.

फरक पडतो तो दोन टोकांना.

पुण्याचे टोक आधी घेऊ. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी त्यांची आणि विमान नियंत्रणही त्यांचे. नागरी विमानांना तिथे ठरलेल्या वेळा मिळतात. धावपट्टी एकच आहे, २,५३५ मीटरची. लढाऊ विमानांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमानाला थोडे थांबावे लागते, आणि ते योग्यच आहे, तळ त्या कामासाठीच आहे. एकच धावपट्टी असण्याचा अर्थ पुणेकरांना ऑक्टोबर २०२१ मध्ये चांगला कळला, कारण दुरुस्तीसाठी ती दोन आठवडे बंद ठेवली तेव्हा पुण्याहून एकही प्रवासी विमान उडू शकले नाही. एरवी पुण्याच्या टोकाला होणारा उशीर दहा-वीस मिनिटांत निभावतो. हिवाळ्यात पहाटे लोहगावलाही धुके पडते, पण दिल्लीइतके दाट आणि दीर्घ नाही.

आता दिल्ली, आणि जानेवारी. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा सगळा प्रश्न इथेच आहे.

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत गंगेच्या मैदानात रात्री थंडी, जमिनीत ओल आणि वारा जवळपास नाही अशी स्थिती होते. मध्यरात्रीनंतर धुके दाटत जाते, पहाटे चार ते आठच्या दरम्यान सर्वांत घट्ट असते आणि ऊन तापल्यावर नऊ-दहाच्या सुमारास उठू लागते. काही दिवशी अकरापर्यंतही रेंगाळते. रोज पडत नाही. सलग चार दिवस आकाश स्वच्छ असते आणि पाचव्या दिवशी धावपट्टीवर शंभर मीटरपलीकडचे दिसत नाही. हा अंदाज आदल्या संध्याकाळी बराचसा बांधता येतो, तिकीट काढताना, म्हणजे तीन आठवडे आधी, मुळीच नाही.

दिल्लीला धुक्यात विमाने उतरवण्याची उत्तम व्यवस्था आहे. कॅट-३ बी नावाची यंत्रणा आहे, तिच्या आधारे धावपट्टीवर पन्नास मीटर दिसत असले तरी विमान उतरू शकते. पण त्यासाठी तीन गोष्टी एकत्र जमाव्या लागतात: धावपट्टीवरची यंत्रणा, त्या पात्रतेचे विमान आणि ते प्रशिक्षण घेतलेले दोन्ही वैमानिक. यातले एक जरी नसेल तरी विमानाला थांबावे लागते. सगळे जमले तरी धुक्यात दोन विमानांमधले अंतर वाढवतात, जमिनीवर टॅक्सी करणारी, म्हणजे स्वतःच्या चाकांवर चालत जाणारी, विमाने गाडीमागे हळूहळू नेतात. एरवी तासाला जितकी विमाने उतरतात त्याहून बरीच कमी उतरू शकतात. म्हणून उतरण्याची पात्रता असूनही नंबर लागत नाही.

तेव्हा काय करतात? पूर्वी विमाने येऊन दिल्लीच्या भोवती घिरट्या घालत राहत. आता वाहतुकीचे मध्यवर्ती नियोजन होते. दिल्लीची क्षमता कमी झाली की पुण्यातल्या, बेंगळुरूतल्या विमानाला आधीच सांगतात की तुमच्या उड्डाणाची वेळ अमुक, त्याआधी निघू नका. त्यामुळे पुण्यात सूर्य लख्ख उगवलेला असतो, विमान समोर उभे असते, प्रवासी आत बसलेले असतात आणि विमान हलत नाही. लोक चिडतात. त्यांना वाटते कंपनी काहीतरी लपवते आहे. पण त्या वेळी जमिनीवर थांबणे हाच सर्वांत सुरक्षित आणि इंधन वाचवणारा मार्ग असतो.

एवढे करूनही वर गेल्यावर परिस्थिती बिघडली तर विमान दुसरीकडे वळवावे लागते. दिल्लीसाठी एरवी जयपूर, लखनौ, अमृतसर असे जवळचे विमानतळ पर्यायी म्हणून ठेवतात. धुक्याच्या दिवशी ते स्वतःच धुक्यात असतात. म्हणून अशा रात्री आम्ही अहमदाबाद, इंदूर किंवा थेट मुंबई पर्याय म्हणून लिहितो आणि तितके जास्तीचे इंधन भरतो. नियमाने लागणारे राखीव इंधन वेगळेच, घिरट्यांसाठीचे वेगळे. पहाटे तीनला दिल्लीचे हवामान दर अर्ध्या तासाने नव्याने येते आणि दर वेळी तो हिशेब पुन्हा करावा लागतो. तुमच्या मुलीचे विमान अहमदाबादला उतरले तर सगळे सुखरूप असतील, पण एक वाजताची हजेरी गेली.

त्यात कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांची मर्यादा असते. वैमानिकांची ड्युटी ठरावीक तासांपलीकडे नेता येत नाही, आणि ती न्यावी असे कोणीही म्हणू नये. पुण्यात तीन तास थांबलेले आणि मग वळवलेले विमान कधी कधी त्याच कर्मचाऱ्यांना घेऊन पुढे जाऊच शकत नाही. नवे कर्मचारी येईपर्यंत आणखी उशीर.

आता तुमचे सहाचे विमान या चित्रात ठेवा. सहाला पुण्याहून हलले तर वेळापत्रकाप्रमाणे सव्वाआठला दिल्ली. म्हणजे धुक्याच्या नेमक्या पोटात. दिवस स्वच्छ असेल तर नऊला बाहेर, दहापर्यंत शहाजहान रोड, तीन तास हातात. पण धुके असेल आणि पुण्यात अडीच तास थांबवले, तर पावणेअकराला उतरणार, सामान घेऊन साडेअकराला बाहेर, दिल्लीची रहदारी पार करून साडेबाराला दारात. त्यातही उतरण्याआधी वीस मिनिटे घिरट्या आणि उतरल्यावर वीस मिनिटे टॅक्सी झाली की संपले. दिल्लीला चार धावपट्ट्या आहेत आणि विमानतळ प्रचंड पसरलेला आहे. लांबच्या धावपट्टीवर उतरून टर्मिनल १ ला यायचे तर नुसत्या टॅक्सीत बराच वेळ जातो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण प्रवासाचे जाणकार सर्रास याच्या उलट सल्ला देतात. "पहाटेचे पहिले विमान घ्या, ते वेळेवर असते" हे एरवी बरोबर आहे. रात्री मुक्कामाला आलेले विमान सकाळी तयार असते, आधीच्या फेऱ्यांचा उशीर त्याच्यावर साचलेला नसतो. दिवस चढत जातो तसा उशीर साठत जातो, ही सर्वसाधारण रीत. पण जानेवारीत उत्तरेकडे जाताना पहिले विमान धुक्याला जाऊन भिडते. त्या दिवसांत दिल्लीसाठी मी पुण्याहून सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान सुटणारे विमान सुचवतो. ते दिल्लीला पोहोचेपर्यंत धुके उठलेले असते. सकाळी दिल्लीत अडकून पडलेले विमान पुढे पुण्याला येणारे असेल तर त्याला थोडा उशीर होईल, पण तुम्ही आदल्या दिवशी जात असाल तर दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. संध्याकाळचे विमान मी टाळतो. दिवसभराचा साचलेला उशीर त्याच्या वाट्याला येतो, आणि रद्द झालेच तर त्या दिवशी दुसरे उरत नाही.

तारीख थोडी पुढे सरकली तर आणखी एक गोष्ट बघा. प्रजासत्ताक दिनाच्या आधीच्या आठवड्यात संचलनाच्या तालमींसाठी दिल्लीचे आकाश सकाळी साधारण सव्वादहा ते पाऊणपर्यंत प्रवासी विमानांना बंद ठेवतात. तारखा दर वर्षी आधी जाहीर होतात. त्या वेळेच्या दोन्ही बाजूंना विमानांची गर्दी होते. धौलपूर हाऊस इंडिया गेटच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे तालमीच्या दिवशी त्या भागातले रस्तेही वळवलेले असतात. दुसऱ्या आठवड्यात याचा त्रास नसावा, पण मुलाखतीची तारीख नीट पाहून ठेवा.

घरापासून विमानतळाचा हिशेब पुणेकराला वेगळा सांगायला नको, तरी दोन शब्द. कोथरूड ते लोहगाव पहाटे चाळीस मिनिटांत होते आणि सकाळी नऊला तेच दीड तास घेते, येरवडा ते विमाननगर या टप्प्यातच निम्मा वेळ जातो. वनाज–रामवाडी मेट्रो मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत जाते. तुम्ही कोथरूडला आहात, तेव्हा तुमच्या दारातून ती सोयीची आहे. रामवाडीला उतरून पुढे रिक्षाने थोडेच अंतर उरते. सामान कमी असेल तर गर्दीच्या वेळी मी मेट्रोच सुचवेन, तिचा वेळ बदलत नाही. देशांतर्गत विमानाला सामान देण्याचा काउंटर साधारणपणे सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो आणि गेट वीस-पंचवीस मिनिटे आधी. नेमका नियम तुमच्या कंपनीच्या तिकिटावर असतो, तो वाचा. पुण्यात दोन तास आधी पोहोचले की धावपळ होत नाही. डिजीयात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय, पुण्यात २०२३ पासून आहे. मुलीच्या फोनवर ती आधी नोंदवून ठेवली तर दारावरची रांग कमी लागते.

दिल्लीला उतरण्याआधी टर्मिनल कोणते ते बघून ठेवा. टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोने नवी दिल्ली स्थानक वीस मिनिटांवर आहे. टर्मिनल १ ला वेगळी, मॅजेंटा मार्गिका लागते. परतीच्या वेळी तर टर्मिनल हमखास तपासा. चुकीच्या टर्मिनलला गेल्यावर दुसरीकडे जाण्यात जो वेळ जातो, तो काउंटर बंद व्हायला पुरेसा असतो.

म्हणजे दारापासून दारापर्यंत बघितले तर सव्वादोन तासांचा हा विमानप्रवास चांगल्या दिवशीही सहा तासांहून थोडा अधिकच आहे: घरून विमानतळ तासभर, तिथे दोन तास, विमानाचे सव्वादोन, बाहेर पडून शहरात पोहोचायला आणखी तास-दीड तास. या सहा तासांत बाराशे किलोमीटर कापायला जातात ते जेमतेम पावणेदोन. म्हणून मी अंतराच्या आकड्याला फार महत्त्व देत नाही. अंतर कधी बदलत नाही, बाकीचे सगळे बदलते.

हेच बोलावणे मार्च-एप्रिलमध्ये असते तर? तेव्हा धुके नसते. सहाच्या विमानाने जाऊन एक वाजताची वेळ गाठणे शक्य आहे, तीन तास हाताशी राहतात आणि बहुतेक दिवशी ते पुरतात. माझ्या स्वतःच्या कामासाठी मी तसे जाईन. मुलाखतीसाठी मात्र तेव्हाही आदल्या दिवशीच जावे असे वाटते, पण त्याचे कारण विमान नाही. पहाटे तीनला उठून, सहा तास प्रवास करून वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची मुलाखत द्यायची, हे मुलीवर कशाला लादायचे? मे-जूनमध्ये दिल्लीला संध्याकाळी धुळीची वादळे येतात आणि पावसाळ्यात ढगांना वळसे पडतात, पण सकाळची विमाने त्यातून बरीच सुटतात.

कोणी रेल्वे सुचवेल. निजामुद्दीन दुरांतोला पुण्याहून वीस तासांच्या आसपास लागतात आणि ती आठवड्यातून ठरावीक दिवशीच असते. धुक्यात मथुरेच्या पुढे गाड्याही रखडतात. रेल्वेनेच जायचे असेल तर दोन दिवस आधी पोहोचाल असे बघा.

तिकीट काढताना थेट विमान घ्या. मध्ये थांबा असलेले स्वस्त दिसते, पण जानेवारीत दोन विमाने म्हणजे उशिराच्या दोन शक्यता. नाईलाजाने थांबा घ्यावाच लागला तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असू द्या, म्हणजे पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची राहते. धुक्यामुळे विमान रद्द झाले तर नुकसानभरपाई मिळत नाही, कारण हवामान कंपनीच्या हातात नसते, पण पूर्ण पैसे परत किंवा दुसरे विमान यांतले एक निवडण्याचा हक्क तुमचा आहे. तो काउंटरवर स्पष्ट शब्दांत मागा. आदल्या दिवशीचे सकाळचे विमान रद्द झाले तर पैसे परत घेण्याऐवजी त्याच दिवशीची पुढची जागा आधी मागा. दिल्लीत पोहोचणे महत्त्वाचे.

मुलीची मूळ प्रमाणपत्रे, मुलाखतीचे बोलावणे, ओळखपत्र आणि मुलाखतीचा एक पूर्ण पोशाख केबिनच्या बॅगेत, स्वतःजवळ ठेवायला सांगा. सामानात टाकलेली बॅग धुक्याच्या गोंधळात मागच्या विमानाने येऊ शकते, आणि मूळ प्रमाणपत्रांशिवाय तिथे काम अडते. दिल्लीत राहण्याची जागा धौलपूर हाऊसपासून मेट्रोने किंवा गाडीने अर्ध्या तासात येईल अशी निवडा, म्हणजे मुलाखतीच्या सकाळी धुके पडले तरी तिला ते खिडकीतून नुसते बघायचे असेल. तिला मनापासून शुभेच्छा. तारीख आणि विमानाची वेळ नक्की झाली की इथेच लिहा, त्या दिवसाचे नेमके काय ते बघून सांगेन.